तुरीएवढा सरकणारा घोडा

आमचे घरमालक देवाला दिवसातून दोन पावलं चालवायचे. तिसरं पाऊल टाकायची वेळ आली की त्यांची पाठ धरायची. मग ते देवाला तसंच एका पायावर उभं ठेवून आत जाऊन आडवे व्हायचे.

संध्याकाळी पाण्याची घागर घेऊन अंगणातून जाताना मी विचारायची, "सर, आज देव कुठवर आले?"

"उंबऱ्यापतोर आले, अक्का. उद्या आत येतील."

उद्या काही यायचे नाहीत. खंडोबाला तो उंबरा ओलांडायला चार दिवस लागले. त्यातला एक दिवस तर मांजर घोड्याशेजारी झोपलं म्हणून गेला. सर त्याला उठवायला तयार नव्हते. मांजर उठताना घोड्याला धक्का लागला असता.

बीदर जिल्ह्याच्या या कडेला, मुडबीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. सरांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहतो. आमचे हे पिठाची गिरणी चालवतात. सर शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. बायको वारली, लेक हैदराबादला दिलेली, आणि निवृत्त झाल्यावर समोरच्या मोठ्या खोलीत त्यांनी हा उद्योग मांडला. आता ते लेकीकडेच राहतात, सातव्या मजल्यावर. तिथं काय मांडून बसले असतील, देव जाणे.

त्यांचा उद्योग असा होता. रंगीत मातीचे वीतभर देव करायचे, देवी करायच्या, बकऱ्या, मेंढ्या, राक्षस करायचे. पुठ्ठ्याचं घर उभं करायचं. समोर बांबूच्या तिकाटण्याला मोबाईल बांधायचा. एक फोटो काढायचा, मग देवाचा हात इवलासा हलवायचा, परत एक फोटो काढायचा. असे शेकड्यांनी फोटो एकामागे एक पळवले की देव आपोआप हात उचलतो. पोरं टीव्हीवर कार्टून बघतात, तसंच. त्याला ॲनिमेशन म्हणतात, हे सरांनीच मला सांगितलं. गावात मात्र कुणी तो शब्द घेतला नाही. लोक म्हणायचे, "सर माती हलवायलेत."

हात किती हलवायचा याचं माप त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचं. एक तूर, एक ज्वारी आणि एक तीळ. घोडा एका वेळी तुरीएवढा सरकायचा, हात ज्वारीएवढा उचलायचा आणि डोळ्याचं बुबुळ तिळाएवढं फिरायचं. तीळ सारखा हरवायचा. मग ते आमच्या दाराशी यायचे. मी डब्यातला तीळ द्यायची. ते तो उन्हात धरून बघायचे.

"हा मोठा हाय, अक्का. ह्यानं देव तिरळा दिसंल."

मग मी डबाच पुढं करायची. दोन बोटांनी तीळ निवडत ते पाव तास उभे राहायचे. सोनार इतका वेळ लावत नाही.

सरांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली, असं लोक म्हणायचे. सर म्हणायचे, "शिकवली न्हाई. शिकवायचं ठरलं होतं." चित्रकलेचा तास दुपारी शेवटी असायचा. गणिताचा धडा राहिला की गणिताचे मास्तर दारात उभे, "सर, आजचा तास देता का?" मैदान झाडायचं असलं तरी चित्रकलेचाच तास, गणवेश वाटायचे असले, लस टोचायची असली, साहेब यायचे असले तरी चित्रकलेचाच तास. सर कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत. खडू ठेवायचे आणि बाहेर यायचे.

"तीस सालात एक गाढव पुरं काढून दावलं न्हाई मी फळ्यावर," ते म्हणायचे. "कान झाले, तोंड झालं, पाठ झाली, की आलंच कुनीतरी. ह्या तालुक्यात केवढी केवढी मोठी मानसं हिंडायल्यात, अक्का, त्यांना आजून वाटतंय गाढवाला पाय नसतात."

मी पदर तोंडाला लावून हसायची. ते हसायचे नाहीत.

म्हणून त्यांनी ठरवलं होतं की सिनेमा बरोबर पस्तीस मिनिटांचा करायचा, कारण शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असतो. षष्ठीच्या जत्रेला देवळासमोर तो लावायचा. आणि गावानं एकदा, फक्त एकदा, मध्ये न उठता त्यांनी काढलेलं चित्र शेवटापर्यंत बघायचं. एवढं एकच मागणं होतं त्यांचं. त्यासाठी तीन वर्षं ते घोडा सरकवत होते.

गोष्टही त्यांनी विचार करून निवडली होती. खंडोबा, त्याची लग्नाची बायको म्हाळसा, आणि तो बारा वर्षं मेंढरं राखून जिंकून आणतो ती धनगराची बानू. मी विचारलं, "सर, हीच कामून?"

"ही सगळ्यांना पाठ हाय म्हनून. पुढं काय होतंय ह्याची काळजी न्हाई, तर लोक निवांत चित्र बघतील."

मला ते पटलं होतं. तेव्हा सगळंच पटायचं.

सकाळी काम सुरू करायच्या आधी ते हजेरी घ्यायचे. सगळी मातीची माणसं ओळीत उभी करून, चष्मा लावून, वहीत बघून. "मल्हारी?" असं विचारायचे आणि बारीक आवाजात स्वतःच "हजर" म्हणायचे. "म्हाळसा? हजर. बानू? हजर." घोड्याचं नाव आलं की जरा थांबायचे. मग म्हणायचे, "असू दे, दिसायलाय." बकऱ्यांची हजेरी मोजून घ्यायचे. एकदा एक बकरी कमी भरली तर अर्धा दिवस खोली झाडली. ती त्यांच्याच चपलेला चिकटलेली होती.

माती ते राजेश्वर गावच्या बाजारातून आणायचे, पाकिटातली, लहान पोरं खेळतात ती. तिथला दुकानदार त्यांना दर वेळी छेडायचा.

"सर, तुमच्या घरामागं कोस-कोस काळी माती पडलीय, आनि तुमी पाकिटातली घ्यायलाव?"

"ही वाळत न्हाई रे."

"आमची तरी कुठं वाळायलीय? तूर सडायली की वावरात!"

पाकिटातली माती महाग, म्हणून सर जुनी मोडून नवीन करायचे. आणि तिथंच आमचं पहिलं भांडण झालं. भांडण म्हणजे मी एक वाक्य बोलले. चहा ठेवायला गेले तर सर मल्ल राक्षसाचं नाक वळत होते, आणि माती होती खंडोबाच्या जुन्या पागोट्याची. ती मी ओळखली. तीन महिने रोज बघत होते.

"सर," मी म्हणाले, "देवाच्या पागोट्याचं राक्षसाला नाक?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी नाक उन्हात धरून बघितलं. मग म्हणाले, "व्हय की. ह्ये ध्यानातच आलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिथं दोन डबे आले. एकावर लिहिलं होतं 'देव', दुसऱ्यावर 'इतर'. देवाच्या डब्यातली माती देवालाच, फार तर देवळाला. बकऱ्या, राक्षस, चूल, जातं हे सगळं इतरमध्ये. घोडा देवाचा म्हणून देवात. बानूच्या बकऱ्यांचं अडलं, पण लग्न होईपर्यंत इतर आणि लग्नानंतर देव, असं सरांनी ठरवलं.

खरी पंचाईत मणी राक्षसाची झाली. मल्ल आणि मणी हे दोघे भाऊ, देवाशी लढतात आणि मरतात. पण मरताना मणीला पश्चात्ताप होतो, देव त्याला वर देतो आणि आपल्यापाशी जागा देतो. आता त्याची माती कुठल्या डब्यात टाकायची? सर तीन दिवस त्याला तळहातावर घेऊन हिंडत होते. शेवटी मला विचारायला आले. मला! मी भाकरी थापत होते.

"कधी मेला ह्ये बघा," मी म्हणाले. "वर मिळायच्या आधीची माती इतर. वर मिळाल्यावरची देव."

"पन माती तर तीच, अक्का."

"मानूसबी तोच असतोय की, सर."

त्यांनी मान हलवली, परत गेले आणि मणीला देवाच्या डब्यात ठेवलं, पण एका पिशवीत गुंडाळून.

माझ्या हातूनही एक चूक झाली होती. रोज सकाळी सर अंघोळीला गेले की मी त्या खोलीत जाऊन देवांना हळदकुंकू लावायची. देवाला नुसतं तसंच कसं हलवायचं? आठ दिवस सरांना कळलं नाही. मग त्यांनी फोटो पळवून बघितले तर म्हाळसाबाईचं कुंकू दर दोन पावलांना मोठं होत होतं. पीठ दळायला बसताना टिकली होती, दळून उठेपर्यंत सगळं कपाळ लाल. सर रागावले नाहीत. तीळ माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "लावा. पन एवढंच. आनि रोज त्याच जागी." मग मीही श्वास धरून, काडीनं लावायला लागले. एक दिवस शिंक आली आणि म्हाळसा आडवी झाली, तो दिवस मी अजून विसरले नाही.

आता आवाजाचं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी चार माणसांत बोलत नाही. चौथीत बाईंनी उभं केलं की उत्तर यायचं, आवाज यायचा नाही. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, ती राहिलीच. लग्नात बायका नाव घे म्हणाल्या तर ओठ नुसते हलले, आणि माझ्या जावेनं मोठ्यानं घेतलं. पण मांजराशी मी बोलते. आमच्याकडे येणारा बोका दुधावर टपलेला असायचा, आणि घरात कुणी नसलं की मी त्याचा समाचार घ्यायची.

"या, या, जावईबापू! पाट मांडू का? वरून साय घालू का? सकाळी पातेलं चाटलंत ते जिरलं जनू! बायकू कुठं टाकून आलाव? का ती सांगतीया, जा, त्या येडीच्या घरी जा, ती बोलत न्हाई म्हनून?"

मागं वळले तर खिडकीत सर. तीळ मागायला आलेले.

"अक्का," ते म्हणाले, "म्हाळसा सापडली."

मी दोन दिवस दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते दाराबाहेरूनच बोलले. त्यांनी सगळा विचार केला होता. मी माझ्याच खोलीत बसायचं, दार लावून. आवाज भरायला मोबाईल तांदळाच्या डब्यावर ठेवायचा. समोर बोका. सर घरातसुद्धा थांबणार नाहीत, रस्त्यावर जाऊन उभे राहतील. आवाज कुणाचा हे ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाहीत. मी म्हणाले, मी तो ऐकणारही नाही आणि सिनेमा बघणारही नाही. ते म्हणाले, चालतंय.

म्हणून आमच्या गावात असं व्हायचं की दुपारी सर रस्त्याच्या मधोमध उभे, आणि येणाऱ्या ट्रॅक्टरला हात करायचे. "जरा बंद कर बाबा दोन मिनटं. आत देवीचं काम चालू हाय." ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करायचे, उतरायचे, चपला काढायचे आणि आमच्या दाराकडे हात जोडून उभे राहायचे. आत मी बोक्याला शिव्या घालत असायची.

म्हाळसा मीच झाले आणि बानूही मीच. दोघींचं भांडण महिनाभर चाललं. सोमवारी म्हाळसा बोलली की बुधवारी बानूनं उत्तर द्यायचं, कारण सरांचे फोटो तिथवर पोचायला पाहिजेत. मधले दोन दिवस बानू माझ्या डोक्यात उकळत राहायची.

एक दिवस जेवताना आमचे हे म्हणाले, "आमटीत मीठ दोनदा पडलंय. कुनासंगं भांडलीस का काय?"

"कुनासंगं न्हाई."

"मग तोंड कामून फुगलंय?"

आता काय सांगू? नवऱ्यानं धनगरीण आणून माझ्या दारात उभी केलीय, आणि तिच्या बकऱ्या आत शिरायल्यात, हे ह्यांना सांगून समजलं असतं का?

जत्रेच्या आधी देवळाच्या कमिटीची परवानगी घ्यायची होती. कमिटीचे मुख्य अण्णा, तुरीचा व्यापार करायचे. ते आणि आणखी दोघे सरांच्या खोलीत आले. सिनेमा आधी दाखवायला सर तयार नव्हते. "अर्धा न्हाई दाखवत. अर्धं लई झालं आयुष्यात." म्हणून मंडळींनी नुसते मातीचे देव हातात घेऊन बघितले. दारामागून मी ऐकत होते.

"मिशी बारीक हाय," अण्णा म्हणाले. "देवाची मिशी कशी दाबून पायजे."

"वाढवतो."

"घोडा पांढरा करा."

"पांढराच हाय, अण्णा."

"आजून करा."

मग खरा प्रश्न निघाला. आमचं गाव अर्धं कन्नड बोलतं, अर्धं मराठी, आणि सगळे दोन्ही बोलतात. देव कशात बोलणार? एक म्हणाला, खंडोबा म्हणजे आमचा मैलार, देव कन्नडातच बोलले पाहिजेत. दुसरा म्हणाला, खंडोबा आमचा, कन्नडात बोलले तर आम्ही पंगतीला येणार नाही. आवाज चढला. जत्रा तिथंच मोडते की काय असं वाटलं.

सर शांतपणे म्हणाले, "देव बोलतच न्हाईत."

"म्हंजी?"

"दोघीजनी भांडत्यात. म्हाळसा मधी मधी कन्नड बोलती, बानू मराठी. देव निस्तं 'हूं' म्हनत्यात. हूं कन्नडातबी हूं, मराठीतबी हूं. दोन बायकांचा दादला बोलंल कधी, अण्णा?"

अण्णा मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "अहो, एक असली तरी कुठं बोलायला भेटतंय!"

परवानगी मिळाली. पालखी फिरून आली की दिवेलागणीला सिनेमा, आणि त्यानंतर पंगत. सर घरी येऊन दोन वेळा म्हणाले, "पंगत नंतर हाय. भाताचा वास सुटला की लोक उठत्यात, अक्का. वारा कुठनं येतोय बघावं लागंल." खरंच गेले आणि चुलवाण पूर्वेला हलवायला लावलं.

पडद्यासाठी मी दोन पांढरी धोतरं जोडून शिवली. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र आलं, बँडवाल्याचे दोन मोठे स्पीकर आले. सर नवा शर्ट घालून यंत्रापाशी उभे. मनगटावर घड्याळ. सारं गाव देवळासमोर बसलेलं. मी सगळ्यात मागं, चिंचेखाली, बायकांच्याही मागं, अंधारात. बघायचं नाही म्हणून डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेला.

सुरू झालं. स्पीकरमधून जात्याची घरघर आली आणि मग माझा आवाज. माझे कान तापले. पण लोक गप्प बसून बघत होते. "अगं बया, जातं फिरायलं बघ!" कुणीतरी म्हणालं. "पीठबी पडायलंय!" एक पोर रडलं तर चार जणी त्याच्यावर धावल्या. पदराखालून मला सर दिसत होते. ताठ उभे. ते पडद्याकडे बघतच नव्हते, लोकांकडे बघत होते. परीक्षेला उभे असल्यासारखे.

असं आठ-नऊ मिनिटं चाललं. मग खंडोबा घोड्यावर बसून आले.

तीन वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. सर रोज खंडोबाला हातात घेत होते, मी रोज हळद लावत होते, तरी नाही. जत्रेचा दिवस. प्रत्येकाच्या कमरेला, पदराला, पिशवीत भंडारा बांधलेला. आणि समोर धोतराएवढा मोठा देव, दाबून मिशी, पांढराशुभ्र घोडा, तुरी-तुरीनं पुढं येतोय.

सगळं गाव एकदम उभं राहिलं. येळकोटाचा एकच गजर झाला आणि भंडारा उधळला. मुठी नाही, ओंजळी. म्हाताऱ्या माणसांनी पिशव्याच रिकाम्या केल्या. मी पदर वर केला तोवर हळदीचा असा लोट उठला की देऊळ दिसेना. यंत्रातून निघणारा उजेड पिवळाधमक. पडदा पिवळा. लोकांच्या टोप्या, भुवया, दात पिवळे.

"उधळू नका!" सर ओरडत होते. "बघा! आरं, बघा की! बसा!"

लोक बसले. शिस्तीत बसले. पण बघायला काही उरलं नव्हतं. सरांनी खिशातला रुमाल काढून यंत्राची काच पुसली. रुमाल घामानं ओला होता. काचेवर हळद कालवल्यासारखी झाली, लग्नात नवरदेवाला लावतात तशी. पडद्यावर नुसता पिवळा डाग हलत होता. तो देव होता की बकरी, सांगता आलं नसतं.

आणि स्पीकर मात्र खणखणीत. भांडण सुरू झालं.

"अय्यो शिवने! ही कोन आनलाव? हिच्या अंगाला मेंढराचा वास यायलाय!"

"वास यायलाय तर नाक धरा, अक्का. तुमच्या नवऱ्यानं बारा साल धरलं न्हाई!"

"हूं," देव म्हणाले.

गाव हसून हसून लोळलं. खरंच सांगते, माणसं एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होती. त्या पिवळ्या डागाकडे टक लावून. पंचवीस मिनिटं एक माणूस उठला नाही. आचारी चुलवाण सोडून येऊन उभे राहिले, त्यात भात लागला, आणि लागल्याचा वास सुटला तरी कुणी उठलं नाही. बाजूला पुरुषांत, चिंचेच्या जवळच आमचे हे बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणालेलं मला ऐकू आलं, "ही म्हाळसा लई तिखट हाय बा. अशी घरात असती तर मी गिरनीतच झोपलो असतो."

मी पदर दातात धरला.

संपलं तेव्हा सरांनी घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं पुरी झाली होती. लोक त्यांच्याभोवती जमले. अण्णा डोळे पुसत आले, हसण्यानं आणि हळदीनं दोन्हीनं पाणी आलेलं.

"सर, असलं काम झालं न्हाई ह्या गावात! पुढल्या षष्ठीला आजून दोन भांडनं घाला. बायका कुठल्या आनल्या हो बोलायला? बसवकल्याणच्या का?"

"हूं," सर म्हणाले.

"आनि एक सांगू का? चित्राचं येवढं कष्ट कशाला घेता? आवाजातच सगळं आलं."

सर पुन्हा "हूं" म्हणाले. त्यांच्या चष्म्याच्या काचाही पिवळ्या होत्या, त्यामुळे मागं काय होतं ते दिसलं नाही. पंगतीत ते बसले, पण भात चिवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाली नाही. मी कान देऊन होते. मग बघायला गेले तर सर दोन्ही डब्यांतली माती एकाच पिशवीत भरत होते. देव आणि इतर, सगळं एकत्र.

"अंगनवाडीत देतो," ते म्हणाले. "पोरं खेळतील."

मी दारात उभी राहिले. मला बोलायचं होतं आणि चौथीतल्यासारखं झालं. उत्तर येत होतं, आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं आला.

"सर, मी बघितलं न्हाई."

"कुनीच बघितलं न्हाई, अक्का."

"मग लावा की."

त्यांनी वर बघितलं. "तुमी तर बघनार नव्हतात. आवाज ऐकायचा न्हाई म्हनालतात."

"काल ऐकला. आता काय राहिलंय?"

ते काही हलले नाहीत. म्हणून मी आत जाऊन पुठ्ठ्याच्या घरासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. मग ते उठले. खिडकीला घोंगडं लावलं, दार ओढून घेतलं. यंत्र दुपारी परत द्यायचं होतं. काच त्यांनी पहाटेच रॉकेलनं पुसून ठेवली होती. भिंतीवर चित्र आलं.

मी पहिल्यांदा बघत होते. रोज ज्यांना हळद लावली ती माणसं चालत होती. म्हाळसाबाई दळता दळता घाम पुसत होती, हे मला माहीत नव्हतं. बोलताना तिचा ओठ माझ्यासारखाच वाकडा होत होता, हेही नव्हतं माहीत. देव घोड्यावरून आले तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. सरांनी लगेच माझ्या हातांकडे बघितलं. हातांत भंडारा नव्हता.

मग मला वास आला. मी दूध चुलीवर ठेवून आले होते. ते उतू जात होतं, मग करपत होतं, मग बोका आला असणार, कारण झाकण पडल्याचा आवाज झाला. सरांनीही ऐकला. ते माझ्याकडे बघत राहिले, कुणीतरी दारात येऊन उभं राहणार असल्यासारखे. मी उठले नाही. त्या दिवशी बोक्याचं नशीब थोर.

पस्तीस मिनिटं झाली. भिंत पांढरी झाली. सर पुढं येऊन उभे राहिले, हात मागं बांधून, घसा साफ करून.

"काही शंका?"

मला वाटलं नव्हतं मी बोलेन.

"सर, त्या दोघी भांडायल्या तवा मागं एक बकरी हाय."

"बरं?"

"ती म्हाळसाबाईचा पदर खायलीय. आदी काठ खाल्ला, मग निऱ्यापतोर आली. म्हाळसाबाई हात नाचवून बोलायलीय आनि तिला पत्ता न्हाई."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला.

"सोळा दिवस लागले त्या बकरीला," ते म्हणाले.

"शेवटी देवांनीबी बघितली. बघितली आनि गप्प बसले. तवाच 'हूं' म्हनाले."

"ते दिसलं?"

"दिसलं की."

ते खोलीत एक चक्कर मारून आले. पिशवीपाशी गेले, तिथून परत आले. मग एकदम थांबून विचारलं, "आनि देवळाच्या पायरीवरची मुंगी?"

"कुठली मुंगी?"

इतकी वर्षं मला अहो-जाहो करणारे सर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागले. आवाज असा चढवला की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत शाळा भरलीय.

"लक्ष कुठं असतंय गं तुझं?" ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.